पाळणाघराच्या पिशवीत डायपर की कापडी?

बायकोची 26 आठवड्यांची रजा संपली, पुढचे दोन महिने आईने गावाहून येऊन निभावले आणि आठव्या महिन्यात लेक पाळणाघरात जाऊ लागली. 50 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते, असं 2017 पासून कायदा सांगतो. बायकोच्या ऑफिसात माणसं पंधरा. त्यामुळे आमची गाडी सोसायटीमागच्या गल्लीतल्या पाळणाघराशीच थांबली.

कपड्यांचे दोन जोड, टोपी, पंचा, झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा, यावर घरात वाद झाला नाही. वाद झाला तो एकाच गोष्टीवर: दिवसभरासाठी विकतचे डायपर द्यायचे, की टिचबटणांचे, आत घडी सरकवायचे ते कापडी? आई म्हणाली, जुन्या साडीचे लंगोट द्या. पण गाठी मारत बसायला तिथे कुणाला वेळ आहे, म्हणून तो विषय मागे पडला.

सुरुवात डायपरनेच केली, आणि खरं सांगायचं तर पहिले तीन महिने मी त्यांच्यावर खूश होतो. सकाळी चार पिशवीत टाकले की काम झालं. धुणं नाही, वाळत घालणं नाही, संध्याकाळी पिशवी हलकी. मांडीशी लाल चट्टे उठायचे, पण उन्हाळा आहे म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही.

मग तो जिराफ आला. आमच्या पुड्यात डायपरवर वेगवेगळी चित्रं असायची. एका सकाळी साडेआठला मी स्वतः जिराफाचा बांधला. पुड्यातला तो शेवटचा जिराफ, पिशवीत दिले ते चारही हत्ती. संध्याकाळी साडेसहाला घरी आणून बघतो तर जिराफ जागच्या जागी, नुसता गुडघ्यापर्यंत लोंबत होता. पिशवीत चारही हत्ती घडीसकट. दहा तास!

दुसऱ्या दिवशी विचारलं तर काकू म्हणाल्या, "अहो, हात लावून बघितला, कोरडाच लागत होता." त्या खोटं बोलत नव्हत्या. डायपरच्या आत सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे असतात, ते ओल पिऊन फुगतात आणि धरून ठेवतात. (एक डायपर चुकून वॉशिंग मशीनमध्ये गेला होता, तेव्हा ते दाणे आम्ही आठवडाभर कपड्यांवरून झटकत होतो.) वरचा थर कोरडा लागावा, यासाठीच ते घातलेले असतात. म्हणजे डायपर जितका चांगला, तितका तो बदलायची आठवण कमी करून देतो. घरी हे खपून जातं. आठ पोरांमागे दोन काकू असतील तिथे जे ओलं लागत नाही ते राहूनच जातं, आणि त्यांना तरी काय बोलणार?

कापडी लपवाछपवी करत नाही. ओला झाला की कडेतून बोट घालताच कळतो, आणि आमची लेक तर आधी भोकाडच पसरते. पहिल्याच दिवशी दुपारी दोनला काकूंचा फोन: चारही संपले, अजून आणा. फोन ठेवला आणि मला, का कोण जाणे, बरं वाटलं. लाली पंधरवड्यात गेली. कापडामुळे गेली की तोवर पाऊस सुरू झाला म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

त्रास आहेच. ओल्या कपड्यांची पिशवी संध्याकाळी उघडताना मान वळवून उघडावी लागते. पुण्याच्या जुलैत सुती घडी दोन दिवस वाळत नाही. मायक्रोफायबरची पंख्याखाली रात्रीत वाळते, मात्र ती थेट अंगाला लावायची नाही, कापडीला आतून शिवलेल्या खिशात सरकवायची. फॅब्रिक सॉफ्टनर घातला की घडी पाणी प्यायचं सोडते, हे आम्हाला चार गळके दिवस गेल्यावर समजलं. सहा घेऊन भागेल असं वाटलं होतं, सोळावर गेलो. एकदम घेताना खिसा चांगलाच हलका होतो. काही पाळणाघरं कापडी घेतच नाहीत, तेव्हा आधी विचारा. आमच्या काकूंनीही नाक मुरडलं होतं. घरूनच घडी आत घालून, टिचबटणं मापावर लावून द्यायला लागलो तेव्हा कुठे त्या राजी झाल्या.

प्रवासाला आणि रात्री आम्ही अजूनही डायपरच वापरतो. तो टाकताना मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून लाल ठिपका काढा. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताईंनी ती खूण रूढ केली आहे, कारण खूण नसेल तर तो पुडा त्यांनाच हाताने उघडावा लागतो. तुमच्या पाळणाघरात दर तीन तासांनी न सांगता बदलत असतील, तर माझं एवढं पुराण तुमच्या कामाचं नाही, खुशाल डायपर द्या.

नावाचं राहिलं. मार्करने लिहिलेलं नाव महिन्यात पुसट झालं. आईने शेवटी प्रत्येकाच्या कडेला लाल दोऱ्याचे तीन टाके घातले. तेव्हापासून एकही हरवला नाही, उलट दुसऱ्या कुणाचा तरी एक आमच्याकडे आलाय, तो उद्या परत करायचा आहे. हल्ली घरी आल्यावर मी आधी ओले मोजतो. काल पाच होते.