मिरगापासून शिमग्यापर्यंत: खाऱ्या हवेत वापरलेला फ्लॅश

फ्लॅश साधाच आहे. कॅमेरा कंपनीचा नव्हे, बाहेरचा. चार पेन्सिल सेलवर चालणारा, टीटीएल (ताकद कॅमेरा ठरवतो) आणि मॅन्युअल (आपण ठरवतो) दोन्ही असलेला, आत २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतले बहुतेक फ्लॅश वापरायला जवळपास सारखेच आणि पुढचं सगळं त्यातल्या कुठल्याही फ्लॅशला लागू पडेल. कॅमेरा एपीएस-सी म्हणजे मध्यम सेन्सरचा, मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. वापर वेंगुर्ल्यात, समुद्राच्या अगदी जवळ: पावसात आंबोलीचे बेडूक, मग गणपती, कार्तिकानंतर जत्रांतले दशावतार आणि शेवटी शिमगा. इतके महिने वापरून मत असं झालं की फ्लॅशची ट्यूब, वीज साठवणारा कपॅसिटर, रेडिओ सगळं ठणठणीत राहतं. फ्लॅश रुसला की बहुतेक वेळा दोष निघतो तो पायाच्या कॉन्टॅक्टमध्ये नाहीतर सेलमध्ये.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते काळ्या पट्टीने. फोटोचा एक भाग उजळ, उरलेला काळा. याचं नेहमीचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: शटरचे दोन पडदे असतात, सिंक स्पीडपर्यंत (माझ्या कॅमेऱ्यात १/२०० सेकंद) सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा असतो, त्याच्या वर गेलं की पडद्यांमधली फट नुसती सरकत जाते आणि फ्लॅश त्या फटीपुरताच पोचतो. पण माझा प्रश्न वेगळा होता. फ्लॅश ओळखला की माझा कॅमेरा शटरला १/२०० च्या वर जाऊच देत नाही. पट्टीचे फोटो तर १/५०० चे. मग तिथे फ्लॅश उडतोच कसा?

उत्तर हॉटशूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅशचा पाय बसतो त्या खाचेत होतं. मधला मोठा कॉन्टॅक्ट फक्त ‘उडव’ एवढंच सांगतो. टीटीएलचं सगळं बोलणं बाजूच्या बारीक पिनांवरून चालतं. खाऱ्या हवेत त्या पिनांवर मळकट थर चढला की बोलणं बंद, मधला मोठा कॉन्टॅक्ट मात्र चालूच. कॅमेऱ्याच्या लेखी फ्लॅश लावलेलाच नाही, म्हणून तो शटरला अडवत नाही, आणि फ्लॅश बिचारा हुकूम आला की उडतो. याच दुखण्याचं दुसरं लक्षण म्हणजे टीटीएलवर असलेला फ्लॅश मधूनच पूर्ण ताकदीने उडून सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक करतो. त्यामुळे हल्ली पट्टी दिसली की सेटिंग नंतर, आधी स्क्रीनवर विजेचं चिन्ह आहे का ते बघायचं. नसेल तर फ्लॅश काढून पाय पुसायचा.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाची काडी. कॉन्टॅक्टवर आणि शूच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यांवरही, कारण अर्थिंग त्या पट्ट्यांतूनच होतं. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, वरचा मुलामा निघतो आणि मग गंज दुप्पट वेगाने धरतो. खोडरबर चालतं, पण त्याचा चुरा शूमध्ये राहू देऊ नका. शिमग्यात पालखीपुढे उभं राहिलात तर गुलालही तिथेच जाऊन बसतो, तो आधी ब्लोअरने उडवा. ओल्या काडीने गुलाल पुसला तर त्याचा चिखल होतो.

सेलबद्दल लोक उगाच घाबरतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, अल्कलाइनवर १.५, म्हणून अल्कलाइन बरे असं दुकानदारही सांगतो. फ्लॅशला मात्र एकदम मोठा करंट लागतो आणि तो रिचार्जेबल सेल जास्त सहज देतात, त्यामुळे पुन्हा चार्ज व्हायला वेळ कमी लागतो. चारचा एक संच करून त्यावर खूण करा आणि त्यात दुसरा सेल मिसळू नका. सेलच्या कप्प्यातली स्प्रिंगही बघत जा, तिच्यावर गंज धरला की नवे सेल घालूनही फ्लॅश रेंगाळतो. अल्कलाइन सेल पाझरून पांढरी भुकटी जमली असेल तर ती अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट असते. किंचित व्हिनेगर लावलेल्या काडीने पुसून मग अल्कोहोल फिरवा.

आता गणपती. बाउन्स फ्लॅशचे, म्हणजे उजेड छतावर आपटवून मऊ करायचे सगळे धडे पांढऱ्या स्लॅबखाली बसून लिहिलेले असतात. आमच्याकडे डोक्यावर काळपट वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं. फ्लॅश वर वळवला की अर्धा उजेड कौलं गिळतात, उरलेला तांबूस होऊन खाली येतो. टीटीएल बापडं प्रत्येक फोटोला पूर्ण ताकद लावतं आणि आरतीच्या मध्यावर फ्लॅश तापून हळू होतो. तो बिघाड नव्हे, ट्यूब जळू नये म्हणून घातलेलं संरक्षण आहे. चार मिनिटं थांबायचं. खरा उपाय म्हणजे बाजूच्या चुना दिलेल्या भिंतीवर बाउन्स करायचा, नाहीतर माटवीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या लाकडी चौकटीच्या) कडेला कोणाला तरी थर्माकोलचं पान धरून उभं करायचं. उजेड बाजूने येतो, मूर्तीला उठाव येतो. फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या खोक्यावरच्या ‘गाइड नंबर ६०’वर इथे विसंबू नका. तो आकडा मीटरमध्ये, आयएसओ १०० ला, फ्लॅशचं डोकं २०० मिमीवर झूम करून काढलेला असतो. घरात तुम्ही असता २४ किंवा ३५ वर, म्हणजे उजेड पसरलेला.

त्याच गर्दीत मुंबईहून आलेल्या मामेभावाची हाक आली, “फ्लॅश मेलो वाटता रे!” सायलेंट शटर चालू होतं. इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक मिररलेस कॅमेरे फ्लॅश उडवतच नाहीत. मेकॅनिकल केलं, फ्लॅश जिवंत.

किनाऱ्यावरची अडचण वेगळी. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी सूर्य नेहमी माणसाच्या पाठीमागे आणि चेहरा अंधारात. हाय-स्पीड सिंक लावलं की १/२००० लाही फ्लॅश चालतो, पण ताकद इतकी घटते की माणूस दीड-दोन मीटरच्या आत हवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यात ही घट. शटर १/२०० वर ठेवून लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आंबोलीला फ्लॅशने मन जिंकलं. बेडकाचं अंग आणि पानं ओली, थेट फ्लॅश मारला की नुसते पांढरे डाग. मोठा डिफ्यूझर (उजेड पसरवणारा पडदा) पुढे आणून मॅन्युअल १/१६ वर, म्हणजे ताकदीच्या सोळाव्या हिश्श्यावर ठेवलं की डाग मऊ होतात आणि पुढचा फोटो लगेच घेता येतो. पाऊस पडत असताना फ्लॅश लेन्सच्या वर नको, थेंब ठिपके होऊन उमटतात. वायरलेसवर बाजूला धरा. बेडकावर लागोपाठ झोत मारू नका, दोन-चार फोटो पुरे. घाट उतरून सावंतवाडीच्या उकाड्यात आलं की गार लेन्सवर लगेच वाफ धरते. बॅग बंदच ठेवायची, कॅमेरा उबेला आला की उघडायची.

दशावताराला मात्र फ्लॅश घरी ठेवा. त्या रंगवलेल्या चेहऱ्याचा आणि चमकत्या किरीटाचा फ्लॅशमध्ये पत्रा होतो, राजा बोलता बोलता डोळे मिटतो आणि मागच्या म्हाताऱ्यांचा विरस होतो. एफ १.८ ची लेन्स आणि आयएसओ ३२०० पुरतं.

साठवणीला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढंच वापरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ६० च्या वर बराच काळ राहिला की लेन्सवर बुरशीची जाळी धरते. पावसात आमच्याकडे वीज किती वेळ जाईल याचा भरवसा नाही, म्हणून इलेक्ट्रिक कपाट घेतलं नाही. फ्लॅश ठेवताना सेल बाहेर काढायचे आणि महिन्यातून एकदा घालून दहाबारा वेळा उडवायचा, कपॅसिटर ताजा राहतो.

तक्रार एकच उरली. मान वळवायचा खटका सैल झालाय, डिफ्यूझरच्या वजनाने डोकं खाली झुकतं. सध्या रबरबँडवर चाललंय. घरी उघडणार नाही, कारण सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट शिल्लक राहू शकतात. पुढचा फ्लॅश लिथियम बॅटरीचा घेईन, पण खरेदीआधी दुकानात त्याची मान धरून हलवून बघेन आणि पायाला धातूची पट्टी आहे की नुसतं प्लॅस्टिक, तेही.