शाळेची वाडीवरची सहल: जून ते फेब्रुवारीचा अनुभव

माझी मुलगी रत्नागिरीत सहावीला आहे. तिच्या शाळेने यंदा नेहमीची सहल न काढता पावस गावाच्या वाटेवरच्या एका वाडीशी, म्हणजे बागायतीशी, वर्षभराचं ठरवलं. महिन्यातून एकदा जायचं, आपल्या वाफ्यात काम करायचं, तिथेच रांधून जेवायचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना सुचवलेत, ते शाळेने असे लावले. पालक म्हणून मी बऱ्याचदा सोबत गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

यातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे तीच मुलं पुन्हा त्याच वाफ्यावर जातात. एका दिवसाच्या सहलीत मुलं रोप लावतात, फोटो काढतात, आणि त्या रोपाचं पुढे काय झालं ते त्यांना कधी कळतच नाही. इथे जूनमध्ये वाडी सांभाळणाऱ्या काकांनी आधी वाफे उंच करायला लावले, नाहीतर आषाढातल्या पावसात मुळं कुजतात. मग भेंडी, दोडकी, पडवळ, तवसं लावली. जुलैत जाऊन बघतो तर भेंडीची रोपं गोगलगायींनी फस्त केलेली. मुलं हिरमुसली. काकांनी काही समजावत न बसता पुन्हा बी हातात दिलं.

श्रावणात मांडवाखाली पडवळं लोंबायला लागली. काकूंनी प्रत्येक गटाला सुंभ दिलं आणि पडवळाच्या टोकाला दगड बांधायला सांगितला, म्हणजे ते वेटोळं न होता सरळ वाढतं. दगड जड झाला तर कोवळं पडवळ तुटणार, हलका झाला तर उपयोग नाही. मुलं दगड हातात तोलून, एकमेकांशी वाद घालून निवडत होती. तेच पडवळ पुढच्या खेपेला डाळ घालून शिजवलं. आता माझी मुलगी घरी बियासुद्धा टाकू देत नाही, चटणी करायला लावते.

स्वयंपाकाचा सगळ्यात चांगला दिवस सोलकढीचा. नारळ मुलांनीच खवणीवर खवला. करवंटीला भिडेपर्यंत खवलं की काळपट साल खवलेल्या खोबऱ्यात येते, हे काकूंनी एकदाच दाखवलं. पाट्यावर वाटून आधी दाट रस काढला, मग कोमट पाणी घालून दुसरा. आमसुलं भिजत होतीच. एका मुलाने विचारलं, कढी म्हणता तर उकळत का नाही? काकूंनी वाटीभर बाजूला काढून चुलीवर ठेवली. ती फुटली, आणि सगळ्यांनी वाकून पाहिली. असं उत्तर देणारं माणूस मुलांना मिळावं असं मला मनापासून वाटतं.

आता तक्रारी. डिसेंबरात दोन वर्ग एकदम नेले. पाट्याशी, चुलीशी जेमतेम चार मुलांना जागा, बाकीची नुसती बघत उभी. त्या दिवसाचे पैसे वाया गेले असं मी शाळेला स्पष्ट सांगितलं. हात धुवायला एकच नळ होता, मागे लागल्यावर दुसरा बसवला. पावसात मात्र फार जपायला हवं. आपल्याकडे लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती असते, त्यामुळे पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात उतरवू नये आणि गमबूट सगळ्यांना सक्तीचे असावेत. आमच्याकडे पहिल्या खेपेला अर्धी मुलं चपलांवर होती.

मला सर्वांत जास्त खटकलं ते वेळापत्रक. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे महिन्यांत, तेव्हा परीक्षा आणि सुट्टी. त्यामुळे आमसुलांसाठी त्यांची सोलं (सालं) मिठाच्या रसात भिजवून पुन्हापुन्हा उन्हात वाळवायचं काम मुलांनी पाहिलंच नाही. कोकणातल्या मुलाला आमसूल फक्त बरणीतलं माहीत असावं, हे बरं नाही.

इतर शाळांच्या पालकांना सांगेन, वाडी ठरवताना तीन गोष्टी विचारा: एका वेळी किती मुलं घेणार, मधल्या दिवसांत वाफ्याची राखण कोण करणार (आमच्याकडे वानर येतात) आणि चिरणं-वाटणं मुलं स्वतः करणार का. परवडत नसेल तर पोषण आहाराच्या शाळांमधून असते तशी परसबाग शाळेच्या आवारातही होते. पडवळाला मांडव आणि रोजची नजर एवढंच लागतं.

आम्ही काही पालकांनी शाळेला लेखी दिलं आहे: पुढच्या वर्षी एका खेपेला एकच वर्ग न्या, आणि मे महिन्यात ज्यांना जमेल त्या मुलांसाठी रातांब्यांचे दोन दिवस ठेवा. काका-काकू तयार आहेत, शाळेचं उत्तर यायचं आहे.