व्हिक्ट्रॉनचा सोलर कंट्रोलर घेतला, तरी बॅटरी बेसमेंटमध्येच

आधीच सांगतो, कंट्रोलर (म्हणजे सोलर पॅनेलमधून येणारी वीज सांभाळून बॅटरीत भरणारा डबा) मस्त आहे, मी पाचापैकी साडेचार देईन, पण "सोलर आहे ना, मग हिवाळ्यात आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या किंवा ट्रेलरच्या) बॅटरीकडे बघायला नको" असं डोक्यात ठेवून कोणी घेत असेल तर जरा थांबा.

आम्ही अमेरिकेत मिनिॲपोलिसजवळ राहतो. छोटा ट्रेलर आहे, छतावर २०० वॉटचं पॅनेल आणि पुढच्या बॉक्समध्ये साधी लेड ॲसिड बॅटरी. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते म्हणाले पॅनेल बॅटरी भरत राहील, तुम्ही फक्त पाण्याच्या पाइपांत अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) घाला. घातलं, ताडपत्री पण नाही टाकली कारण पॅनेलला ऊन लागायला हवं ना, आणि निवांत झोपलो. मार्चमध्ये बॉक्स उघडला तर बॅटरी एका बाजूने पुरीसारखी फुगलेली आणि खालच्या कोपऱ्याला तडा.

नाशिकला बाबांना फोटो पाठवला. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी वर्षानुवर्षं त्यांच्याच ताब्यात, डिस्टिल्ड वॉटर तेच घालणार, ॲसिड किती घट्ट आहे ते मोजायचा हायड्रोमीटर त्यांच्याच कपाटात. म्हणाले, "अरे बॅटरी उतरली की आतल्या ॲसिडचं पाणीच होत जातं, गोठणार नाही तर काय." आयुष्यात कधी बर्फ न बघितलेल्या माणसाला कळलं आणि मला नाही! नंतर वाचलं, पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० पर्यंतसुद्धा गोठत नाही, पार उतरलेली असेल तर उणे सात-आठलाच खेळ खल्लास. आमच्याकडे जानेवारीत उणे २५ म्हणजे नेहमीचं.

आता उतरली कशाने? तर गॅस डिटेक्टर. सगळे दिवे बंद केले तरी तो चालूच असतो. मीटर लावून बघितलं, फक्त ०.१ अँपिअर, पण दिवसाला जवळजवळ अडीच अँपिअर-अवर झाले, महिन्याला सत्तरच्या वर, आणि माझी अख्खी बॅटरी ९० ची.

मग नवीन बॅटरी आणली आणि जुना कंट्रोलर काढून हा स्मार्टसोलर ७५/१५ बसवला. ७५ म्हणजे पॅनेलकडून येणारे जास्तीत जास्त व्होल्ट, १५ म्हणजे चार्जिंगचे अँपिअर, २०० वॉटला १२ व्होल्टवर व्यवस्थित पुरतो. ब्लूटूथ आतच आहे. थंडीत बॅटरीला थोडा जास्त व्होल्टेज लागतो ते पण हा आपणहून ॲडजस्ट करतो. सगळ्यात आवडलं ते ॲप, मागच्या ३० दिवसांचा रोजचा हिशोब ठेवतं, किती वॉट-अवर आले, बॅटरी किती खाली गेली, किती वर आली, सगळं. जूनमध्ये बॅडलँड्स नॅशनल पार्कला गेलो होतो तेव्हा एका दिवशी आठशेच्या वर आलेले, बायकोला तीनदा दाखवलं.

डिसेंबरात ड्राइव्हवेमध्ये एक हातमोजा दातात धरून तेच ॲप उघडलं. शून्य. शून्य. वीस. शून्य. छतावर वीतभर बर्फ! शिडी लावून झाडूने साफ केलं तर दुसऱ्या दिवशी शंभराच्या आसपास, आणि मग परत बर्फ. त्यात इथे डिसेंबरात दिवस नऊ तासांचा पण नाही, भर दुपारी सूर्य जेमतेम २१-२२ अंश वर, आणि पॅनेल छतावर आडवं पडलेलं. यात कंट्रोलरचा काय दोष, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून आता दिवाळी झाली की आधी पॅनेलची वायर काढतो, मग बॅटरी (उलटं करू नका, पॅनेल चालू ठेवून बॅटरी काढलेली कंट्रोलरला चालत नाही), पूर्ण चार्ज करतो आणि ते पंचवीस किलोचं धूड उचलून बेसमेंटमध्ये नेतो. खरं तर भरलेली बॅटरी वायरी काढून बाहेर ठेवली तरी चालते, पण एकदा पोळलोय. दीड-दोन महिन्यांनी मीटर लावायचा, १२.४ व्होल्ट दिसले की परत चार्ज. चार्जिंग मात्र मोकळ्या हवेत, गॅसच्या वॉटर हीटरशेजारी अजिबात नको, हायड्रोजन सुटतो.

लिथियमवाल्यांचं गणित वेगळं. ती गोठून फुटत नाही पण शून्याखाली चार्ज केली तर आतून कायमची खराब होते, म्हणजे उन्हाचा दिवस उलट घातकच. कंट्रोलरमध्ये थंडीत चार्जिंग बंद करायची सेटिंग आहे, पण बॅटरीचं तापमान त्याला कळायला सेन्सर वेगळा घ्यावा लागतो. अर्धा स्टार त्याचा कापलाय. माझ्या मित्राने सरळ साठ टक्के चार्ज ठेवून बॅटरी घरातल्या कपाटात टाकलीये, इस्त्रीच्या शेजारी.