पडत्या चलनातून बाहेर पडायला बहुचलनी खातं कितपत कामाचं?

परदेशी चलनात बचत साठली आहे आणि ते चलन महिन्यागणिक घसरतंय. अशा वेळी हल्ली पहिला सल्ला मिळतो तो मोबाइलवरच्या बहुचलनी खात्याचा. वाइज, रिव्होल्यूट आणि त्याच जातीच्या सेवा: एका खात्यात अनेक चलनांचे खिसे आणि एका खिशातले पैसे दुसऱ्यात टाकायला दोन मिनिटं. सेवा चांगली आहे. मात्र बाहेर पडायच्या दारासारखी वापरली तरच. तिजोरी समजून सगळी पुंजी तिथे ठेवणाऱ्यांची आणि ती निर्णयही घेऊन देईल असं मानणाऱ्यांची फसगत होते.

जमेची सगळ्यात मोठी बाजू म्हणजे दर. समजा, त्या चलनाच्या १ एककाला बाजारातला मध्य दर (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या बरोबर मधला) तुमच्या चलनात ४.२० आहे आणि १०,००० एककं विकायची आहेत. मध्य दराने ४२,००० झाले. बँकेचा खरेदी दर ४.०६ आणि वर ६० चा ठोक आकार असेल तर हातात येतात ४०,५४०. म्हणजे १,४६० गेले, जवळपास साडेतीन टक्के. बहुचलनी खात्यात मध्य दर आणि वेगळं दाखवलेलं ०.६ टक्के शुल्क असेल तर २५२ कापून ४१,७४८ मिळतात. फरक बाराशेच्या वर. ‘शून्य कमिशन’ची पाटी जिथे दिसेल तिथे तर हा हिशेब कराच. कमिशन शून्य असतं तेव्हा कमाई दरात लपवलेली असते. तुलना एकाच आकड्याची करा: इतकी एककं दिली तर शेवटी खात्यात नेमके किती जमा होणार?

रूपांतराच्या स्क्रीनवर तीन गोष्टी बघायच्या. दर नुसता अंदाज आहे की बांधून दिलेला? बांधलेला असेल तर किती वेळ? आणि शुल्क रकमेतून कापणार की वरून घेणार? मुदत संपण्याआधी मूळ बँकेतून पैसे पोचले नाहीत तर नवा दर लागतो, आणि पडत्या चलनात नवा दर बहुतेक वेळा वाईटच असतो. म्हणून पैसे आधी त्या चलनाच्या खिशात आणून ठेवा, रूपांतर मग करा. शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो. त्या काळात काही सेवा जादा टक्का लावतात. शुक्रवारी रात्री घाबरून बटण दाबणाऱ्यांकडून तो वसूल होतो.

‘अमुक दर आला की आपोआप विका’ ही सोय अनेकांना फार आवडते. चढत्या दरासाठी ती खरंच उपयोगी आहे. खालच्या दरासाठी लावलेली स्टॉप ऑर्डर मात्र विमा नव्हे. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोला दिलेला किमान १.२० फ्रँकचा आधार काढून घेतला आणि युरो काही मिनिटांत १ फ्रँकच्याही खाली गेला. १.१९ वर विक्री लावून निर्धास्त बसलेल्यांना १.१९ मिळालाच नाही, कारण मधल्या दरांवर घेणारा कुणी नव्हता. इजिप्तचा पौंड ६ मार्च २०२४ ला एकाच दिवसात डॉलरला सुमारे ३१ वरून ५० च्या आसपास गेला. अर्जेंटिनाचा अधिकृत दर डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात ३६६ वरून ८०० झाला. सरकारने धरून ठेवलेलं चलन असं पायऱ्या न उतरता थेट कोसळतं.

आणि घोडं इथेच पेंड खातं. जी चलनं सगळ्यात जोरात पडतात, तीच बहुतेक वेळा या खात्यांच्या यादीत नसतात. किंवा त्या देशात पैसे पाठवता येतात, पण तिथले पैसे बाहेर आणता येत नाहीत. यादी बघताना ‘पाठवता येतं’, ‘ठेवता येतं’ आणि ‘स्वीकारता येतं’ हे तीन रकाने वेगवेगळे तपासा. नुसता झेंडा दिसला म्हणून खूश होऊ नका. चलन यादीत नसेल तर स्थानिक बँकेतूनच डॉलर किंवा युरो घ्यावे लागतात. तिथे एक सापळा असतो. ते डॉलर तुमच्या स्वतःच्या चलनाच्या खात्यात पाठवले, तर ते घेणारी बँक आपल्या दराने पुन्हा रूपांतर करते आणि कात्री दोनदा लागते. डॉलर डॉलरच्याच खिशात उतरवा, पुढचं रूपांतर दर बघून करा.

आता तिजोरीचा मुद्दा. यातल्या अनेक सेवा बँका नसून ई-मनी संस्था, म्हणजे पैसे डिजिटल रूपात ठेवण्या-पाठवण्याचा परवाना असलेल्या कंपन्या असतात. ग्राहकांचे पैसे त्यांना वेगळे राखून ठेवावे लागतात, पण त्याला बँक ठेवीसारखा ठेव-विमा नसतो. संस्था बुडाली तर पैसे परत मिळायला वेळ लागतो आणि वाटपाचा खर्चही त्याच पैशांतून जाऊ शकतो. मोठी रक्कम एकदम आली की खातं गोठवून पैशाचा स्रोत विचारतात, हेही नेहमीचंच. पगारपत्रकं, विक्रीचा करार, सहा महिन्यांचे बँक उतारे आधीच स्कॅन करून ठेवा. दर पडत असताना कागद शोधत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणं. रक्कम उतरली की एक-दोन दिवसांत पुढे सरकवा.

पण सेवा कितीही चांगली असली तरी विकायचं की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी एक गणित पुरतं. पडत्या चलनाच्या ठेवीवर ४० टक्के व्याज मिळतंय आणि तुमच्या चलनात ५ टक्के. १.०५ भागिले १.४० म्हणजे ०.७५. वर्षभरात ते चलन २५ टक्क्यांहून कमी पडलं तरच तिथे थांबणं फायद्याचं. व्याजावर १५ टक्के कर कापला जात असेल तर हाती ३४ टक्केच येतात आणि तीच मर्यादा साडेएकवीस टक्क्यांवर येते. घसरणीचे टक्के मोजतानाही गफलत होते. डॉलरचा भाव २० वरून ४० झाला तर डॉलर शंभर टक्के वाढला, पण ते चलन पडलं ५० टक्केच.

बँकेचा फॉरवर्ड करार, म्हणजे पुढच्या तारखेला चलन विकायचा दर आजच बांधून घेणं, हा पर्याय सांगितला जातो. वरच्याच आकड्यांत वर्षभराचा फॉरवर्ड दर ३.१५ च्या आसपास येईल, कारण तो व्याजदरांच्या फरकातूनच काढतात. म्हणजे ४० टक्क्यांची ठेव अधिक फॉरवर्ड, वजा बँकेचा नफा: हातात राहतं ते तुमच्या घरच्या ५ टक्क्यांहून थोडं कमीच. मुदत ठेव मोडता येत नसेल तेव्हाच हा खटाटोप करावा.

थांबावं की निघावं, याचे दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. २६ सप्टेंबर २०२२ ला ब्रिटिश पौंड १.०४ डॉलरच्याही खाली गेला आणि दहाएक दिवसांत १.१४ वर आला. त्या सोमवारी विकणाऱ्यांनी तळाला विकलं. तुर्कस्तानचा लिरा मात्र २०२० च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे ६ होता, २०२४ च्या शेवटी ३५. ‘थोडा वर आला की विकू’ म्हणणाऱ्यांना ती संधी क्वचितच आणि थोडाच वेळ मिळाली. फरक बराचसा व्याज आणि महागाईच्या नात्यात होता. २०२१ च्या उत्तरार्धात तुर्कस्तानने व्याजदर १९ वरून १४ टक्क्यांवर आणला, तेव्हा महागाई ३६ टक्क्यांकडे चालली होती. महागाईपेक्षा व्याज इतकं खाली असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. अधिकृत दर आणि रस्त्यावरचा दर यांत अंतर वाढू लागलं तर तो इशारा आणखी गंभीर, कारण मग प्रश्न दराचा राहत नाही, दार बंद होण्याचा होतो. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनात आठवड्याला २५० पेसोच काढता येत होते. पुढे तिथल्या बँकांतल्या डॉलर ठेवीही १ डॉलरला १.४० पेसो या दराने बदलल्या गेल्या, बाजारात डॉलर त्याहून कितीतरी महाग असताना. त्याच देशातल्या बँकेत डॉलर खातं उघडलं म्हणजे सुटलो, असं समजू नये.

आमची पद्धत साधी. त्या चलनात होणारा पुढच्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. उरलेलं अर्धं लगेच, बाकीचं चार समान हप्त्यांत, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, दर न बघता. दार बंद होण्याची चिन्हं असतील तर हप्ते विसरा.

पहिली रक्कम मुद्दाम लहान पाठवा, पूर्ण वाटेने: मूळ बँक, बहुचलनी खातं, शेवटचं खातं. बँकेतून स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्याने) जाणार असेल तर खर्चाचा पर्याय ‘अवर’ (सगळा खर्च पाठवणाऱ्याचा) निवडा, म्हणजे मध्यस्थ बँकेचा आकार सहसा रकमेतून कापला जात नाही. पाच कामकाजाच्या दिवसांत पैसे दिसले नाहीत तर पाठवणाऱ्या बँकेकडे स्विफ्ट संदेशाची (‘पॅक्स ००८’, पूर्वीचा ‘एमटी १०३’) प्रत मागा. पैसे कुठल्या मध्यस्थ बँकेकडे गेले याचा माग तिच्यावरून काढता येतो. प्रत्येक रूपांतराची पावती तारीख आणि दरासह जपून ठेवा. काही करव्यवस्थांमध्ये चलन बदलणं हाच नफा-तोट्याचा व्यवहार धरला जातो, आणि तोटा दाखवायचा असेल तर मूळ खरेदीचा दरही लागतो.