परदेशी महापट की आपला छोटा सिनेमा?

तालुक्याच्या टॉकीजनं संध्याकाळचे खेळ कोणाला द्यावेत, हा प्रश्न आहे. २०१९चा हॉलिवूडचा ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ तीन तासांचा. दणदणीत आवाज, पोरं खूश, हे मान्यच. पण असे सिनेमे हिंदीतून टीव्हीवरही येतात.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) बघा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर बायको धास्तावते, नवऱ्यावर पाळत ठेवायला पोराला मागं लावते. यवतमाळच्या कापूसपट्ट्यात ही धास्ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. असा सिनेमा तालुक्याच्या टॉकीजला सकाळच्या खेळात लावला, तर निंदणाला गेलेली बाई येणार कशी? संध्याकाळचे खेळ त्यालाच मिळायला हवेत. आणि प्रेक्षक नाही म्हणता? गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याची, नाटकं रात्रभर चालतात, लोक तिकीट काढून बसतात!