पैसे कापले जायचे, पण माझ्या नावावर नाही

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांतून मी दर महिन्याला मुलांसाठी गोष्टींच्या पुस्तकांचा खोका पाठवते. वर्गणी २९९ रुपये, घेणारी १४० घरं. एक तारीख आली की क्यूआर पाठवा, मग आठवण करा, मग ‘अगं, विसरलेच’ ऐका. आपोआप पैसे कापणारं सॉफ्टवेअर शोधत होते, तेव्हा असं सॉफ्टवेअर विकणारा एक माणूस अंधेरीहून घरी आला.

"ताई, एकदाच चाळीस हजार भरा, पुन्हा बघायला नको." जीएसटी धरून ४७,२०० दिले. वर त्याचं आमिष असं, की पैसे कापण्याआधी ग्राहकाला जाणारा मेसेज तो बंद ठेवेल, म्हणजे कुणी वर्गणी थांबवत नाही. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावंच लागतं, १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याची सक्ती आहे. तिथेच त्याला चहा पाजून वाटेला लावायला हवं होतं.

नातवासाठी खोका घेणाऱ्या मुलुंडच्या एका आजोबांनी यूपीआय ऑटोपे मंजूर करण्याआधी स्क्रीनशॉट पाठवला. "अहो बाई, इथे तुमचं नाव नाही, कुठलीतरी सर्व्हिसेस आहे. कमाल रक्कम ५,०००. आणि ‘दर महिना’च्या जागी ‘ॲज प्रेझेंटेड’. म्हणजे मनात येईल तेव्हा कापणार का?"

मी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. "ताई, ते टेक्निकल असतं, सगळ्यांचं तसंच येतं." तेच वाक्य मी आजोबांना ऐकवलं.

दोन महिने पैसे वेळेवर आले. तिसऱ्याला ‘सेटलमेंट होल्डवर आहे’, चौथ्याला ‘बँक बदलतोय’, मग फोनच बंद. ८३,७२० रुपये गेले. खोके मात्र पाठवत राहिले, लोकांनी पैसे भरलेच होते ना.

वर्गणीच्या सॉफ्टवेअरनं हिशेब ठेवावा, बिल करावं, मागणी पाठवावी. पैसे त्याच्या खात्यात जायचं कारणच नाही. ते रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पेमेंट ॲग्रिगेटरच्या, म्हणजे ग्राहकांचे पैसे गोळा करून दुकानदाराला पोचवणाऱ्या कंपनीच्या, एस्क्रो खात्यातून (हे पैसे वेगळे ठेवायचं बँकेतलं खातं) थेट आपल्या खात्यात यायला हवेत. परवानगीवाल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवरच असते. तिथे याचं नाव नव्हतं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. पाच मिनिटांचं काम, मी ते चार महिन्यांनी केलं.

त्याहून वाईट म्हणजे सगळी मॅन्डेट, म्हणजे ग्राहकांनी दिलेली पैसे कापायची मंजुरी, त्याच्या नावावर. ती माझ्याकडे वळवता येईनात आणि रद्द होईपर्यंत तो पैसे ओढू शकत होता. १४० घरांना फोन करून सांगितलं, तुमच्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेत जा आणि ते आधी रद्द करा. काहींनी मलाच चोर ठरवलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

आता मॅन्डेट माझ्या दुकानाच्या नावानं निघतं. ९२ घरांनी पुन्हा मंजुरी दिली. मुलुंडच्या आजोबांनी फोनवर मला दुकानाचं नाव एकेक अक्षर सुटं म्हणायला लावलं.

"कमाल रक्कम?"

"२९९."

"थांबा, बघतो," म्हणाले, आणि फोन न ठेवता चष्मा शोधायला गेले.