शहराने काउंटीच्या ग्रंथालयातून बाहेर पडावं का?

कॅलिफोर्नियात एखाद्या शहराला काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, ग्रंथालयातून बाहेर पडायचं असेल, तर कायदा आडवा येत नाही. सिटी कौन्सिलने 1 जानेवारीच्या आत काउंटीचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सना तसं कळवायचं, सोबत ठरावीक नमुन्यातलं निवेदन जोडायचं. मग शहरातल्या मिळकतींवर काउंटी ग्रंथालयाचा कर बसत नाही. आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, म्हणजे तयारीला जेमतेम सहा महिने. तेवढ्यात माणसं नेमली जातात, दारावर नवी पाटीही लागते. वेळ पुरत नाही तो कॅटलॉगला.

बाहेर पडण्याच्या बाजूने सांता क्लॅरिटाचं नाव हमखास निघतं, आणि ते रास्तच आहे. 1 जुलै 2011 रोजी हे शहर लॉस एंजेलिस काउंटीच्या ग्रंथालयापासून वेगळं झालं. आधी तीन शाखा खासगी कंपनीकडे चालवायला दिल्या, 2018 मध्ये कारभार स्वतःच्या हातात घेतला. मधल्या काळात, 2012 मध्ये, शहरातल्या न्यूहॉल भागात ग्रंथालयाची नवीन इमारत उभी राहिली. शाखा किती वाजता उघडायची, मुलांच्या विभागाला किती जागा द्यायची, हे शहरातलेच लोक ठरवू लागले. ऐंशीहून अधिक शाखांच्या व्यवस्थेत एका शाखेचं गाऱ्हाणं वर पोचायला वेळ लागतो, ही तक्रार मी खोटी म्हणणार नाही.

पैशांचं गणित दोन्ही बाजू आपापल्या सोयीने मांडतात, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. एवढंच तपासा, की कराच्या वाट्याव्यतिरिक्त काउंटी आपल्या सर्वसाधारण निधीतून ग्रंथालयाला काही देते का. देत असेल, तर ती रक्कम शहराबरोबर येत नाही.

माझ्या लेखी निकाल लागतो तो 'होल्ड'वर. आज वाचक घरबसल्या पुस्तक राखून ठेवतो, ते काउंटीतल्या कुठल्याही शाखेतून गाडीने येतं आणि त्याच्या नावाची चिठ्ठी लागून होल्डच्या कपाटात उभं राहतं. वेगळं झाल्यावर तेच पुस्तक दहा मिनिटांवरच्या शाखेत असलं, तरी ते परक्या संस्थेचं होतं. ते आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवावं लागतं, म्हणजे अर्ज आला, कर्मचाऱ्याचा हात लागणं आलं आणि वाट पाहणं आलं. लिंक प्लससारख्या ग्रंथालयांच्या सामायिक जाळ्यात सामील होऊन ही गैरसोय बरीच कमी होते, पण त्याचा खर्च मग एकट्या शहराच्या माथी.

सर्वाधिक वाचकसंख्येच्या पुस्तकांना याचा फटका फारसा बसत नाही; ती कुणीही घेतं. फटका बसतो तो विखुरलेल्या वाचकांना. मराठीचे वाचक प्रत्येक गावात थोडे, काउंटीभर मिळून पुरेसे. काउंटीने एकदा घेतलेला संच सगळ्यांच्या हाती फिरतो. एकट्या शहराला तेवढीच पुस्तकं घ्यायला सांगून पाहा, 'मागणी किती?' हा पहिला प्रश्न येतो.

त्यातून नोंदींचा घोळ वेगळाच. मार्क या ग्रंथालयीन नोंदींच्या संगणकीय पद्धतीत मराठी पुस्तकाची नोंद बहुधा दोनदा असते: 245 या रकान्यात रोमन लिपीतलं शीर्षक, आणि त्याला जोडलेल्या 880 मध्ये देवनागरी. रोमन नोंदीत 'देशपांडे' मधल्या 'श' साठी वर तिरकी रेघ असलेला एकटा 'एस' असतो. वाचक टाइप करतो 'एस-एच', आणि पुस्तक सापडत नाही. त्याला तारतं ते 880. आता नोंदी एका प्रणालीतून दुसरीत नेताना त्या 'मार्क-8' या अक्षरं साठवण्याच्या जुन्या संकेतनात काढल्या, तर त्यात चिनी, जपानी, अरबी बसतात, देवनागरीला जागाच नाही. ती गळते किंवा आकड्यांच्या रांगा होऊन येते. पुस्तक कपाटात असतं, पण शोधणाऱ्यासाठी नसल्यात जमा.

ई-पुस्तकांचंही तसंच. परवाना काउंटीच्या नावावर असतो, तो वाटून घेता येत नाही. काही प्रकाशकांचा परवाना दोन वर्षांनी संपतो, काहींचा 26 वेळा पुस्तक दिल्यावर. नव्या शहराचं ई-कपाट रिकाम्यापासून सुरू होतं, आणि वाचकांचे रांगेतले नंबरही गेले.

शिवाय शेजारी कायम उदार राहतील असं धरून चालू नये. सांता क्लारा ही वेगळी काउंटी; तिथलं ग्रंथालय चालवणाऱ्या लायब्ररी डिस्ट्रिक्टने 2011 मध्ये बाहेरच्या रहिवाशांना कार्डासाठी वर्षाला 80 डॉलर लावले. 2015 मध्ये ते उठले. तेवढ्या काळात लगतच्या गावांतल्या घरांना ही रक्कम चांगलीच जाणवली.

पण हाच डिस्ट्रिक्ट मला मधली वाटही दाखवतो. 1994 पासून तिथे संयुक्त प्राधिकरण आहे. कुपर्टिनो, मिल्पिटास, साराटोगा अशा नऊ शहरांचे प्रतिनिधी आणि काउंटीचे सुपरवायझर एका मंडळात बसतात. शहराला आवाज मिळतो आणि कॅटलॉग एकच राहतो. तुमचं दुखणं फक्त वेळांचं किंवा इमारतीचं असेल, तर आधी काउंटीकडे जादा तासांचा करार मागा, मंडळात जागा मागा. माझं मन इथे झुकतं. काउंटी ऐकूनच घेत नसेल आणि शहराकडे टिकाऊ पैसा असेल, तर बाहेर पडणं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पडलाच, तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या. पहिली, जुने 14 आकडी बारकोड नव्या प्रणालीत जसेच्या तसे चालतील, नाहीतर प्रत्येक पुस्तकावर नवं लेबल चिकटवत बसावं लागेल. दुसरी, किमान एक वर्ष दोघांच्याही परतीच्या पेटीत पडलेलं एकमेकांचं पुस्तक विनाशुल्क पोचवलं जाईल. तिसरी, नोंदींच्या मुख्य स्थलांतराच्या निदान दोन महिने आधी चाचणी म्हणून वीस मराठी नोंदी काढून मिळतील. त्या उघडल्यावर लीडरमध्ये, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या ओळीत, शून्यापासून मोजून नवव्या जागी 'ए' आहे का ते बघा. ती जागा रिकामी असेल, तर नोंदी मार्क-8 मध्ये आहेत. त्या परत पाठवा आणि युनिकोडमध्ये मागा.